वाचकांचे प्रश्न : गोष्टीतली साथ आणि खरी साथ

गेल्या अंकातल्या साथीवरच्या थरारकथेवर भरपूर पत्रं आली. ज्यांच्या वाचनातून ती निसटली त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सह्याद्रीतल्या एका गुहेतून निघालेला विषाणू सहा तासांत माणूस मारतो. तीन दिवसांत मुंबई ओस पडते. परळच्या प्रयोगशाळेतला एकटा शास्त्रज्ञ दोन दिवसांत लस तयार करतो, आधी स्वतःला टोचून घेतो आणि शहर वाचतं. मी राज्याच्या आरोग्य खात्यात साथरोगांच्या कामात नोकरी केली, म्हणून संपादकांनी ही पत्रं माझ्याकडे धाडली. कथा मी एका बैठकीत वाचली आणि मला ती आवडली. पत्रांतले प्रश्न तर त्याहून नेमके आहेत. सगळ्यांना उत्तर देणं जागेअभावी शक्य नाही, त्यामुळे निवडक पत्रं घेते.

डॉक्टरबाई, सहा तासांत माणूस मारणारा रोग खरंच असू शकतो का? आणि असलाच, तर तीन दिवसांत शहर रिकामं होईल का? — एक शिक्षिका, कराड

काही तासांत माणूस नेणारा रोग आहे आणि तो फार जुना आहे: पटकी, म्हणजे कॉलरा. सकाळी धडधाकट असलेल्या माणसाला तांदळाच्या धुवणासारखे जुलाब सुरू होतात, अंगातलं पाणी आणि क्षार वाहून जातात. वेळेवर उपचार झाले नाहीत तर दिवस मावळायच्या आत तो दगावू शकतो. त्यामुळे कथेतला सहा तासांचा हिशेब मला खटकला नाही. खटकलं ते हे, की अशा रोगावरचा उपाय बंद दाराच्या प्रयोगशाळेतूनच येणार, असं लेखकानं धरून ठेवलं आहे.

१९७१ साली पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे पश्चिम बंगालमध्ये आले आणि छावण्यांत पटकी फुटली. डॉ. दिलीप महालनबीस बनगावला पोचले तेव्हा तिथल्या रुग्णालयाच्या खोल्यांत जमिनीवर रुग्ण पडले होते. त्यांना सलाइन लावायचं तर जुलाब-उलट्यांनी भरलेल्या फरशीवर गुडघे टेकूनच लावावं लागे. त्यातच सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. तेव्हा त्यांनी एक निर्णय घेतला. लिटरभर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा या मापानं कलकत्त्यात पुड्या बांधून घेतल्या, छावणीत पिंपांमध्ये ते पाणी कालवलं, आणि आया-बापांच्या, भावाबहिणींच्या हाती भांडी देऊन सांगितलं की पाजत राहा. तोंडावाटे पाणी देऊन पटकी आटोक्यात येते यावर त्या काळी भल्याभल्या डॉक्टरांचा विश्वास नव्हता. छावणीत मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं. महालनबीसांच्या देखरेखीखाली ते ३.६ टक्क्यांवर आलं. आज आशाताईंच्या पिशवीत जलसंजीवनीची पुडी असते, तिची पुण्याई बनगावच्या त्या फरशीवरची आहे. सलाइन संपतंय, बाहेर रांग वाढतेय, आणि वरिष्ठांना न पटणारा निर्णय एका माणसाला आत्ता, उभ्याउभ्या घ्यायचा आहे. थरारकथेला याहून अधिक काय लागतं?

शहर रिकामं होण्याबद्दल बोलायचं तर, रुग्णाला अंथरुणाला खिळवून झटपट मारणारा रोग सहसा फार लांब जात नाही. कोविड जगभर गेला, कारण लागण झालेले बहुतेक लोक हिंडते-फिरते होते आणि लक्षणं दिसायच्या आधीपासूनच तो दुसऱ्याला देत होते. कथालेखकानं विषाणू जरा सौम्य केला असता तर साथ अधिक भयानक झाली असती.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकतो. कथेत नायक सूक्ष्मदर्शकात डोळा घालतो आणि 'सापडला!' म्हणून ओरडतो. नवा विषाणू प्रत्यक्षात असा सापडतो का? — एक विद्यार्थी, पुणे

तुमच्या कॉलेजातल्या साध्या सूक्ष्मदर्शकातून हा विषाणू दिसणारच नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्याला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागतो. पण मी म्हणेन की नवा विषाणू पहिल्यांदा दिसतो तो यंत्रात नव्हे. तो रुग्णांच्या यादीत दिसतो. याचं माझं सर्वांत आवडतं उदाहरण मलेशियातलं आहे. तरुण डॉक्टरांच्या प्रशिक्षणात मी ते दरवेळी सांगत आले, तुम्हालाही सांगते.

सप्टेंबर १९९८ मध्ये इपोह शहराजवळ डुकरं पाळणाऱ्या लोकांना मेंदूज्वर होऊ लागला. ताप, डोकेदुखी, ग्लानी, बेशुद्धी. डुक्कर आणि मेंदूज्वर हे दोन शब्द एकत्र आले की आशियातला कुठलाही डॉक्टर जपानी मेंदूज्वरच म्हणेल, कारण तो विषाणू डुकरांत वाढतो आणि डासांवाटे माणसांत येतो. काही नमुन्यांत तसा पुरावाही मिळाला. मग सरकारनं योग्य तेच केलं. धूर फवारणी झाली, लस टोचली गेली. तरी माणसं मरतच राहिली. आजारी डुकरं विकली गेली तसा रोग दक्षिणेला नेग्री सेम्बिलान राज्यात उतरला.

आता यादी बघा. जपानी मेंदूज्वर मुख्यतः लहान मुलांना होतो. इथे मरत होते ते कर्ते पुरुष. डास काही धर्म विचारून चावत नाही, पण रोग होत होता तो डुकरं पाळणाऱ्या चिनी वंशाच्या शेतकऱ्यांना, आणि हाकेच्या अंतरावरच्या मलय मुस्लिम वस्तीत जवळपास कुणालाच नाही. लस घेतलेले लोकही आजारी पडत होते. आणि डुकरंही खोकत होती, जोरजोरात, पार शेजारच्या वाडीपर्यंत आवाज जाईल इतकी. जपानी मेंदूज्वरात मोठं डुक्कर असं आजारी पडत नाही. चारही गोष्टी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होत्या. निदानाचं नाव आधीच ठरून बसल्यामुळे त्या चार वेगवेगळ्या कागदांवर पडून राहिल्या.

मार्च १९९९ मध्ये क्वालालंपूरच्या मलाया विद्यापीठात डॉ. चुआ काव बिंग यांनी सुंगाई निपाह गावच्या रुग्णाच्या पाठीतल्या पाण्यातून विषाणू वाढवला. पेशी ज्या पद्धतीनं एकमेकींत मिसळून फुटत होत्या, ती जपानी मेंदूज्वराची खूण नव्हती. ते नमुने घेऊन ते स्वतः अमेरिकेला गेले. तिथे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली जे दिसलं ते वेगळ्याच घराण्यातलं होतं. हा निपाह. पुढे मलेशियात सुमारे अकरा लाख डुकरं मारावी लागली. तोवर २६५ जणांना रोग झाला होता आणि १०५ जण गेले होते.

शेवटचा दुवा तर गोष्ट लिहिणाऱ्यालाही सुचला नसता. जिथून सुरुवात झाली त्या वराहपालन केंद्रात गोठ्यांना लागून आंब्याची झाडं लावलेली होती. रात्री फळं खाणारी मोठी वटवाघळं त्यांवर उतरत आणि त्यांचं उष्टं फळ खाली डुकरांच्या पुढ्यात पडे. विषाणू वटवाघळातून डुकरात आणि डुकरातून माणसात आला तो असा.

तुम्ही पुढे प्रयोगशाळेत गेलात तर एक सवय लावून घ्या. नमुन्यासोबत आलेला फॉर्म पूर्ण वाचा. वय, व्यवसाय, घरात आणखी कोण आजारी आहे. आमच्याकडे हे रकाने रिकामे सोडण्याची फार वाईट चाल आहे.

थरारपटांत 'पहिला रुग्ण' शोधण्यासाठी आकाशपाताळ एक करतात. तो सापडून करायचं काय? शेवटी त्याच्यावरच खापर फोडतात ना? — विधी शाखेची विद्यार्थिनी, नागपूर

खापर फोडतात हे खरं आहे, आणि म्हणूनच मी हा प्रश्न निवडला. पहिला रुग्ण शोधायचा तो त्याला जाब विचारायला नव्हे. तो कुठे कुठे थांबला हे कळावं म्हणून.

मे २०१८, केरळमधला कोळिकोड जिल्हा. एकाच घरातला दुसरा तरुण मेंदूज्वरानं खासगी रुग्णालयात आला. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कुणाला? कळलं की भाऊ काही दिवसांपूर्वी अशाच तापानं गेला आणि आणखी माणसं आजारी आहेत. मेंदूज्वर एका घरात असा एकापाठोपाठ एक होत नाही. त्यांनी त्याच रात्री वाट न पाहता नमुने मणिपालच्या विषाणू प्रयोगशाळेत पाठवले. २० मे रोजी आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेनं निपाह असल्यावर शिक्कामोर्तब केलं. दुसऱ्याच रुग्णावर साथ ओळखली गेली, ही वैद्यकाच्या इतिहासातली फार मोठी गोष्ट आहे. २००१ साली सिलिगुडीत निपाहनं चाळीसहून अधिक माणसं नेली, बरीचशी रुग्णालयांतच लागण झालेली, आणि तो निपाह होता हे कळायला काही वर्षं जावी लागली.

आता पहिला भाऊ. तो स्वतः निदान न होताच गेला. पण त्याच्या शेवटच्या दिवसांचा तासातासाचा माग काढला तेव्हा एक जागा पुन्हा पुन्हा समोर आली: मोठ्या सरकारी रुग्णालयातला सीटी स्कॅनच्या खोलीबाहेरचा कॉरिडॉर. तो तिथे खोकत, अस्वस्थ अवस्थेत आपली पाळी यायची वाट पाहत होता. त्याच वेळी तिथे भलत्याच कारणासाठी आलेले रुग्ण, त्यांच्यासोबतचे नातेवाईक आणि कर्मचारी होते. पुढे आजारी पडलेल्यांपैकी बऱ्याच जणांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नव्हता. ते सगळे त्या कॉरिडॉरमध्ये एकाच वेळी होते, एवढाच धागा. आपल्याकडच्या कुठल्याही जिल्हा रुग्णालयाचा एक्स-रे बाहेरचा बाक आठवा. कुणाचं पोर कडेवर, कुणाची म्हातारी स्ट्रेचरवर, मधून चहावाला पोऱ्या.

तो धागा हाती आला म्हणून दोन हजारांहून अधिक संपर्कातली माणसं शोधता आली, त्यांच्यावर लक्ष ठेवता आलं, आणि साथ महिन्या-दीड महिन्यात थांबली. खात्री झालेल्या १८ रुग्णांपैकी दोघेच वाचले. पेरांब्रा तालुका रुग्णालयात पहिल्या रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका लिनी पुथुस्सेरी २१ मे रोजी गेल्या. त्यांना दोन लहान मुलं होती.

त्या भावाला रोग नेमका कसा झाला हे आजवर सिद्ध झालेलं नाही. त्यांच्या विहिरीतली वटवाघळं आधी तपासली, ती किडे खाणारी निघाली आणि त्यांच्यात विषाणू नव्हता. नंतर त्या भागातल्या फळं खाणाऱ्या वटवाघळांत तो मिळाला. घरातली माणसं मात्र आधीच उद्ध्वस्त झाली होती. तुम्ही उद्या वकील व्हाल. साथीतल्या रुग्णाचं नाव, घर, फोटो व्हॉट्सअॅपवर फिरवणाऱ्यांविरुद्ध उभं राहणारं कुणी मिळालं, तर आम्हाला फार हवं आहे. ज्या गावात पहिल्या रुग्णाची अब्रू जाते, त्या गावात दुसरा रुग्ण ताप लपवतो, आणि आमचं काम तिथेच ठप्प होतं.

अशा कथा छापून तुम्ही घबराट पसरवत नाही का? — निवृत्त बँक कर्मचारी, नाशिक

नाही, असं मला वाटतं. सप्टेंबर १९९४ मध्ये मी नोकरीत नवी होते. ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावातून गाठीच्या प्लेगची बातमी आली आणि पाठोपाठ सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची. लाखो माणसं सुरत सोडून पळाली, त्यांतली कितीतरी आपल्याकडे आली. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून नाहीशा झाल्या. ज्यांना ताप नव्हता ते गोळ्या खात होते आणि ज्यांना होता त्यांना मिळत नव्हत्या. त्या लोकांनी कुठलीही थरारकथा वाचली नव्हती. प्लेगवर प्रतिजैविकं वेळेवर दिली तर रुग्ण बरा होतो, हे साधं वाक्य त्यांना कुणी मोठ्यानं आणि वेळेवर सांगितलं नव्हतं.

नायक स्वतःलाच लस टोचून घेतो हे जरा अति वाटलं. असं कुणी केलंय? — गृहिणी, डोंबिवली

केलंय, ताई, आणि मुंबईतच केलंय. कथाकारानं परळ निवडलं ते बहुधा त्यामुळेच.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. माणसं शहर सोडून जाऊ लागली. वाल्देमार हाफकिन हे ओडेसात जन्मलेले ज्यू शास्त्रज्ञ तेव्हा भारतात पटकीच्या लसीचं काम करत होते. ऑक्टोबरात ते मुंबईत आले आणि भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि एक व्हरांडा मिळाला. मदतीला एक कारकून आणि तीन-चार माणसं. तिथे त्यांनी प्लेगचे जंतू वाढवले, उष्णतेनं मारले, आणि १० जानेवारी १८९७ रोजी इतरांना द्यायच्या मात्रेहून बरीच मोठी मात्रा स्वतःला टोचून घेतली. ताप भरला, टोचलेली जागा दुखली, पण ते कामावर येत राहिले. पटकीची लसही त्यांनी १८९२ मध्ये पॅरिसला आधी स्वतःवरच घेतली होती.

म्हणजे दोन दिवस नव्हे, साधारण तीन महिने. तेवढ्यातही त्यांची तब्येत ढासळली आणि एक मदतनीस खचून गेला. त्यानंतरची चाचणी भायखळ्याच्या तुरुंगात झाली. तुरुंगातला माणूस 'हो' म्हणतो तेव्हा ते 'हो' किती मोकळं असतं, हा प्रश्न आज आपण विचारलाच पाहिजे. ती लस पुढे लाखो लोकांनी घेतली, ही गोष्टही तितकीच खरी.

खरा थरार पुढे आहे आणि त्याबद्दल फार कमी लोकांना माहिती असते. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावात एकशे सात जणांना लस टोचली. त्यातल्या एकाच बाटलीतून, '५३ एन' क्रमांकाच्या, लस घेतलेल्या एकोणीस जणांना धनुर्वात झाला आणि ते एकोणीसही मेले. बाकीच्या बाटल्यांतून घेतलेल्यांना काही झालं नाही. ठपका आला मुंबईच्या प्रयोगशाळेवर आणि हाफकिनांवर. त्यांचं पद गेलं. खरी गोष्ट मुलकोवालच्या चौकशीतच नोंदली होती: बाटलीचं बूच काढायचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला, त्यानं तो कार्बोलिकच्या जंतुनाशक पाण्यात बुडवून काढला आणि तसाच वापरला. धनुर्वाताचे बीजाणू मातीत असतात आणि तेवढ्यानं मरत नाहीत. बाटली मुंबईत दूषित असती तर उघडताना तिला वास आला असता, तोही नव्हता. हे सगळं लिहिलेलं असूनही निर्दोष ठरायला हाफकिनांना १९०७ साल उजाडलं. तेही रोनाल्ड रॉससारख्या शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्रं लिहून त्यांची बाजू लावून धरली तेव्हा. परळच्या संस्थेला त्यांचं नाव मिळालं १९२५ मध्ये.

पडलेला चिमटा, एका बाटलीचा नंबर आणि पाच वर्षं चाललेला अन्याय. मराठीत यावर कुणीतरी मोठी कादंबरी लिहावी, ही माझी फार दिवसांची इच्छा आहे.

आमच्याकडचा माकडताप कधी गोष्टीत येईल का? शहरवाल्यांना तो माहीतच नसतो. — एक काजू बागायतदार, बांदा

यायलाच हवा. १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडं पटापट मरू लागली आणि आसपासच्या गावांत माणसं तापानं पडू लागली. माकडं मरतायत म्हटल्यावर पुण्याच्या तेव्हाच्या विषाणू संशोधन केंद्रातल्या लोकांच्या पोटात गोळाच आला, कारण तो पीतज्वर असता तर त्यानं देशभर हाहाकार केला असता. तो पीतज्वर नव्हता. गोचिडांवाटे येणारा अगदी नवा विषाणू होता. जवळपास साठ वर्षांनी, २०१६ च्या जानेवारीत, तो दोडामार्गच्या केर गावात उतरला आणि पुढच्या वर्षी तुमच्या बांद्याकडे.

मी त्या काळात तिकडे आले होते. एका बागेत सड्यावर चाळिशीची एक बाई वाकून काजू वेचत होती. पायात चप्पल, पातळ पोटरीपर्यंत खोवलेलं. पाचोळ्यात हात घालून बोंडू उचलायचा, बी पिरगाळून टोपलीत टाकायची, बोंडू मागे भिरकवायचा. तिच्या पोटरीवर मला जे दिसलं ते मोहरीहूनही बारीक होतं. गोचिडाचं पिल्लू. हेच पिल्लू सगळ्यात घातक, कारण ते अंगावर आहे हे कळतच नाही. मी तिला साथ ओसरेपर्यंत तरी रानात जाऊ नका, पाय झाका, गोचिडी दूर ठेवणारं तेल लावा असं सांगू लागले. ती म्हणाली, "काजू पडतत, घराक बसान कसा चलतला?" तिचं म्हणणं खरंच होतं. जानेवारी ते मे हा गोचिडांच्या पिल्लांचा हंगाम आणि तोच काजूचा. वर्षाची कमाई त्याच महिन्यांत असते. आम्ही मग सूचना बदलली. रानात जाऊ नका असं सांगणं सोडलं. जाताना अंगभर कपडे घाला, उघड्या अंगाला ते तेल चोळा, घरी आल्यावर आधी गरम पाण्यानं अंघोळ आणि कपडे कढत पाण्यात. पानपाचोळा गुरांच्या गोठ्यात आणू नका. आणि मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा, कारण माकड थंड पडलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी उतरून आसपास पसरतात आणि तिथे कीटकनाशक पावडर मारावी लागते.

माकडताप एका माणसापासून दुसऱ्याला होत नाही. घरातल्या रुग्णाला वेगळं टाकू नका. अचानक जोराचा ताप, डोकं आणि अंग ठणकणं, कधी नाकातून-हिरड्यांतून रक्त, असं असेल तर रक्त तपासायला सांगा आणि आपण काजूत होतो हे डॉक्टरांना न विचारताही सांगा.

मला मराठीत वैद्यकीय थरारकथा लिहायची आहे. खलनायक कोण करावा? औषध कंपनी, दहशतवादी की विषाणू? — नवलेखक, नांदेड

तिघंही नको, असं माझं मत. १९७६ साली काँगोमधल्या, तेव्हाच्या झाईरमधल्या, यांबुकू गावात इबोला पहिल्यांदा कळला. ३१८ जणांना झाला, २८० गेले. तो इतका पसरला कसा? मिशनच्या रुग्णालयात बाह्यरुग्ण विभागासाठी रोज सकाळी पाच सिरिंज दिल्या जात. दिवसभर आलेल्या सगळ्यांना, गरोदर बायांनाही, त्याच पाच सिरिंजांनी इंजेक्शन. मध्ये नुसतं पाण्यात खळबळून घेणं. ते टोचणाऱ्या नन दुष्ट नव्हत्या. त्यांतल्या काही स्वतः त्याच रोगानं गेल्या. तेव्हा तुमच्या कादंबरीत पाच सिरिंजांवर चालणारं रुग्णालय दाखवा, ते पाचांवर का चालतं हे दाखवा, आणि तिथे राबणारी चांगली माणसं दाखवा. वाचकाला झोप लागणार नाही.

नायकाचं म्हणाल तर एकटा नायक ठेवू नका. साथीत मी एकटा माणूस जिंकलेला पाहिला नाही. आशाताई घ्या, जी घरोघर फिरते आणि जिला कुठल्या घरात ताप लपवलाय हे दारातूनच कळतं. प्राथमिक आरोग्य केंद्राचा वाहनचालक घ्या, जो नमुन्यांची पेटी मांडीजवळ ठेवून रात्रभर घाट उतरतो, कारण बर्फ वितळला तर सगळं वाया. जिल्ह्याच्या ठिकाणी बसलेली डेटा ऑपरेटर घ्या. आमच्या लाइन लिस्टमध्ये, म्हणजे रुग्णांच्या यादीत, एक रकाना असतो, 'लक्षणं सुरू झाल्याची तारीख'. दाखल झाल्याची तारीख सगळे लिहितात, पण ही लिहायला रुग्णाच्या आईशी बसून बोलावं लागतं. 'बाजाराच्या दिवशी जेवला नाही', 'एकादशीला अंग तापलं होतं', असं करत करत ती तारीख निघते. अशा तीस-चाळीस तारखा कागदावर मांडल्या की साथीचा आकार डोळ्यांसमोर उभा राहतो: सगळे एकाच दिवशी विषाच्या संपर्कात आले, की एकाकडून दुसऱ्याकडे चाललंय. तुमच्या पुस्तकातलं कोडं सुटायचं असेल तर ते या कागदावर सुटू द्या.

आणि तुमच्या जिल्ह्याच्या साथरोग अधिकाऱ्यांना एकदा भेटून या. आपल्याला कुणी काही विचारत नाही अशी त्या लोकांची सवय झालेली असते. चहा पाजतील आणि दोन तास बोलतील.

आमच्या परसातल्या चिकूवर वटवाघळं येतात. महाबळेश्वरच्या गुहेत निपाह सापडल्याचं वाचलं होतं. झाड तोडू का? — कुडाळ

झाड तोडू नका आणि वटवाघळांना धूर किंवा दगड मारून हुसकूही नका. बिथरलेली वटवाघळं इतरत्र पांगतात. पुण्याच्या संस्थेनं मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतून वटवाघळं पकडली होती आणि त्यांतल्या काहींत निपाहच्या खुणा मिळाल्या, हे खरं आहे. महाराष्ट्रात माणसांत निपाहची साथ आलेली नाही. चोच किंवा दात लागलेलं, उष्टं, खाली पडून फुटलेलं फळ कुणी खायचं नाही, मुलांनी तर मुळीच नाही, आणि ते गुरांना किंवा डुकरांनाही घालायचं नाही. हातमोजे किंवा फावड्यानं उचलून पुरून टाका. चांगलं फळ धुऊन, साल काढून खा. विहिरीवर जाळी बसवा. बागेत मेलेलं वटवाघूळ दिसलं तर उघड्या हातानं उचलू नका. बाकी चिकू खुशाल पिकू द्या.